मी सांगितलेले तीन दिवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवीपुढे हात जोडून उभी राहिले तरी हे सोडून मी भलतंच काहीबाही बोलत राहते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा पोटात ठेवून ठेवून आता ते पोटात मावत नाही म्हणून.

एरवी मी सरळ मुद्द्यावर येणारी बाई आहे. गिऱ्हाइकाशी माझा सौदा दोन वाक्यांत ठरतो, आणि तिसरं वाक्य कुणी काढलंच तर त्याला ते महागात पडतं. पण ह्या एका गोष्टीपाशी आले की — बघा, आत्तासुद्धा मी दुसरंच सांगायला लागले. असो. आधी मी कोण ते सांगते, मग पुढे जाऊ.

मी रेवदंड्याची. खाडीच्या तोंडाशी आमचं घर, आणि घरापुढे मासळी सुकवायचं खळं. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. खाली जाळीवर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी. मी बारावीपर्यंत शिकले, मग लग्न झालं आणि ह्या खळ्यात उतरले ती आजपर्यंत. मासळी कधी बिघडणार हे मला डोळे मिटून कळतं. आधी वासात एक गोडसरपणा येतो. हा गोडसर वास ज्याला कळला तो वाचला. पुढचा वास तर सगळ्यांनाच कळतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला वास कळला नाही असं उद्या कुणी म्हणेल, तर ते खोटं आहे, एवढ्यासाठी सांगते.

माझे सासरे — आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, गाव त्यांना तांडेल म्हणायचं. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. बाबांचा दराराच तसा होता. बोलायचे कमी, आणि बोलले की बोटीवरची पोरं जागची हलायची. गुडघे गेले तेव्हा त्यांनी समुद्र सोडला आणि खळ्यातलं एक काम मागून घेतलं, कावळे हाकायचं. मासळीच्या प्लास्टिकच्या खोक्यावर बसायचे, हातात लांब काठी. एवढा मोठा माणूस कावळे हाकतो म्हणून लोक हसायचे. ते नाही हसायचे. दर्यावर जसे बसायचे तसेच इथेही बसायचे, पाठ ताठ, नजर लांब.

बाबांना साखर होती. गोळ्या होत्या. संपल्या की आणायच्या, हे काम माझं. माझा नवरा हरेश बोटीबरोबर आठ-आठ, दहा-दहा दिवस बाहेर असायचा, तेव्हा घरचं सगळं माझ्याच गळ्यात. त्या वर्षी शिमग्याच्या आधीच गोळ्या संपल्या. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी गेले नाही. बाबांनीही मागितल्या नाहीत. मागून घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

होळीच्या दिवशी बोटींना पताका लावतात, पूजा करतात. बाबा आपली जुनी बोट बघायला अनवाणी खाडीवर गेले. परत आले तेव्हा ओट्याच्या लादीवर रक्ताचे ठसे उमटले होते, एका पायाचे. मी म्हटलं, कुणाला लागलं? बाबांनीही आजूबाजूला बघितलं, कुणाला लागलं म्हणून! त्यांच्याच तळव्यात, अंगठ्याखाली, कालवाच्या शिंपल्याने चीर पडली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. आम्ही दोघं हसलो. हो, हसलो.

"मीठ लाव गो," ते म्हणाले. "दुसरा काय नको."

आमच्यात असंच करतात. दर्यावर हात कापला, काटा घुसला, की खारं पाणी आणि मीठ. मासळी सडू नये म्हणून जे लावतो तेच माणसाला. मी मासळीच्याच पिंपातलं जाडं मीठ आणलं आणि बाबांच्या चिरेत दाबलं. सुनेने सासऱ्याच्या पायाला हात लावायचा म्हणजे पाया पडण्यापुरताच. मलाच अवघडल्यासारखं झालं होतं. मी खाली मान घालून मीठ दाबत होते आणि वाट बघत होते की आता ते श्वास ओढतील, आता पाय काढून घेतील. तर बाबा म्हणाले, "तो बग, तिसऱ्या काठीवर. कावला." काठी उचलून त्यांनी कावळा उडवला.

मी थक्क झाले. माणूस आहे की खडक, असं वाटलं मला. संध्याकाळी सणाला आलेल्या लेकीला कौतुकाने सांगितलंही, आजोबांना मीठ झोंबत नाही म्हणून. आज मला माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं — की मीठ झोंबत नाही तो पाय कणखर नसतो, त्या पायाला आता कळायचं बंद झालेलं असतं. माझी चूक जर एवढीच असती तर मी ही गोष्ट सांगायला बसले नसते. न कळल्याचा दोष नसतो. माझं पुढे आहे.

दहा-बारा दिवसांनी मला तो वास आला. गोडसर.

मी बोंबील तपासले, जोडी-जोडी करून. जवळा उलटापालटा केला. सगळं नीट होतं. वाऱ्याची दिशा बदलली तेव्हा कळलं की वास ओट्याकडून येतोय. बाबा दुपारचे ओट्यावर आडवे झाले होते, पाय बाहेर. मी लांबूनच बघितलं. चिरेचं आता भोक झालं होतं. कडा पांढऱ्या, फुगलेल्या, मधे ओलं. मी बघितलं आणि — मी आत जाऊन भात टाकला. तुम्ही काय केलं असतं? नको, सांगू नका. मला माहीत आहे तुम्ही काय केलं असतं.

दुसऱ्या दिवशी घाटावरची व्यापारीण आली. दरवर्षी पावसाळ्याआधी तीच माझा सगळा माल उचलते. सुक्या मासळीच्या धंद्यात माणसाचं नाव म्हणजे त्याच्या मालाचा वास. ती खळ्यात आली, नाक वर केलं, म्हणाली, "काय तरी सडलंय गं तुझ्याकडं." मी हसून म्हटलं, मांजरीने उंदीर टाकला असेल कुठेतरी. पुढच्या वेळी बघते, असं म्हणत ती निघून गेली.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. मी काहीच बोलले नाही, शप्पथ — पण आत जाऊन हरेशचे जुने गमबूट आणले, पायात चढवायला एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि त्यांच्या खोक्यापाशी ठेवली. बाबांनी एकदा बुटाकडे बघितलं, एकदा बोंबलांकडे. ज्यांच्या बोटीच्या मासळीला बंदरात कधी कुणी नाक मुरडलं नाही, ते हे बाबा. त्यांनी पिशवी पायात चढवली, वरून बूट घातला आणि काठी हातात घेतली.

वास बंद झाला. तुम्हाला सांगते, मला हायसं वाटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांहून जास्त दिवस तो पाय बुटात होता. ऊन तापायला लागलं होतं, बुटात घाम, पिशवीत घाम. रात्री बाबा काढत असतील की नाही, मी विचारलं नाही. धुतात का, विचारलं नाही. सकाळी चहा द्यायला जायचे तेव्हा त्यांचा बूट चढवलेला असायचा. हरेश मधे दोनदा रात्रीपुरता आला आणि पहाटे गेला, त्याला पाय दिसलाच नाही. आमच्यात ह्याबद्दल एक शब्दही झाला नाही. दोघांनी मिळून काहीतरी पुरलेलं असावं, असं आम्ही त्या बुटाच्या आजूबाजूने वावरत होतो.

मग माश्या.

खळ्यात माश्या नेहमीच असतात. पण त्यांच्यातही एक हिरवी असते, चकचकीत, मोरपिसासारखी. ती आली की आम्ही सावध होतो, कारण तिला आमच्या आधी कळतं. एका सकाळी मी बघितलं, बोंबलांवर एकही हिरवी माशी नाही. शेकडो बोंबील वाऱ्यावर हलताहेत आणि त्यांच्यावर एक नाही. सगळ्या बाबांच्या बुटावर. बुटाला अंगठ्याजवळ चीर गेली होती, बोटभर, आणि त्या चिरेवर त्या बसल्या होत्या. शांत. जणू बोलावून आणलेल्या.

मी किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. भीती वाटली हे खरं, पण भीतीच्याही आधी काहीतरी दुसरं वाटलं. देवळात गाभाऱ्यापाशी वाटतं तसं काहीतरी. एवढीशी माशी — तिला ना डॉक्टर लागतो, ना पिशवी उघडावी लागते. रबर, प्लास्टिक, मीठ, आम्हा दोघांचं गप्प बसणं, सगळ्याच्या पलीकडचं तिला कळलं होतं. आणि मला? मलाही कळलं होतंच की. त्याच क्षणी. फरक एवढाच की ती खोटं वागली नाही. मी फडक्याने माश्या हाकलल्या आणि जवळा उलटायला गेले.

त्यानंतरही मी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, ओट्यावर बुटाच्या चिरेतून भाताच्या शितासारखं काहीतरी खाली पडलं आणि चालायला लागलं. बाबांनीही बघितलं. ते म्हणाले, "रिक्षा बोलाव पोरी." बस, एवढंच.

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. कुठल्या गावचा ते सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. तिथे एक डॉक्टरीण होती, अगदी तरुण, नागपूरकडची. मासळीचा वास तिला सहन होत नसावा, कारण रिक्षातून आम्ही उतरलो तेव्हाच तिचा चेहरा जरा बदलला. मी मनात म्हटलं, ही काय हात लावणार? आता बूट काढल्यावर बघू हिचा तोरा.

बूट काढला. पिशवी काढली. दारातला शिपाई बाहेर गेला. मी भिंतीला टेकले. ती मुलगी मात्र खाली बसली — जमिनीवरच, स्टूल आणायला सांगायचंही तिच्या मनात आलं नाही — आणि बाबांची टाच तिने आपल्या मांडीवर घेतली. नाकाला पदर नाही, रुमाल नाही. टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवला आणि जखमेच्या तोंडाशी धरला. खालून अळ्या वर येऊ लागल्या. एकेक करून तिने चिमट्याने उचलून स्टीलच्या वाटीत टाकली. तास झाला. दीड तास झाला असेल. मधेच ती बाबांना विचारायची, "आजोबा, दुखतंय का?" आणि बाबा म्हणायचे, "नाय गो बाय." त्या पायाने तेव्हाही एकदाही हूं केलं नाही.

शेवटी तिने जखम धुतली आणि मला म्हणाली, "या, बघा."

मला बघायचं नव्हतं. पण बघितलं, आणि आजही डोळे मिटले की ते दिसतं. खाली लाल होतं. ताज्या हलवा माशाचा कल्ला उघडल्यावर असतो तसं लाल, स्वच्छ. मी तीस वर्षं सुरी चालवलीय, मला मांस कळतं. मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं, ती रेघ इतकी बारीक कापायची तर माझ्या हाताने जमणार नाही. त्या किळसवाण्या अळ्यांनी ती कापली होती. त्यांनी मेलेलं तेवढंच नेलं होतं आणि जिवंत होतं ते सोडलं होतं. आणि ते जिवंत अजून जगायला बघत होतं! साखर, घाम, मीठ, रबर, एवढं सगळं सोसून आतलं मांस लाल राहिलं होतं. मला हुंदका आला. ह्या देहाला आपण काय समजतो आणि तो काय असतो!

डॉक्टरीण म्हणाली, "अळ्यांना घाबरू नका. ह्या जातीच्या मेलेलंच खातात. मला भीती आहे ती न दिसणाऱ्या जंतूंची. जखम जितकी जुनी, जितकी ओली, जितकी कोंडलेली, तितके ते खोल शिरतात. हाडापर्यंत जातात, रक्तात जातात. साखर असली की त्यांना रानच मोकळं. म्हणून आता मी विचारते ते नीट सांगा."

मग तिने विचारलं. किती दिवस झाले? पाय उघडा होता की बांधून ठेवला होता? काही लावलं होतं का? साखरेच्या गोळ्या चालू आहेत का? ताप, थंडी काही?

आणि ती हेही म्हणाली, मी ऐकलं, मला स्पष्ट आठवतंय: "दोन-तीन दिवसांची असेल तर रोज ड्रेसिंग आणि इंजेक्शनं इथेच देऊ. जास्त दिवसांची असेल तर आत्ताच मोठ्या इस्पितळात पाठवते, गाडी दारात उभी आहे. तिथे आत उघडून बघावं लागेल."

दारात गाडी खरंच उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता.

आता तुम्ही म्हणाल, खळ्यात जवळा पसरलेला होता, हाकायला कुणी नव्हतं, दुसऱ्या सकाळी व्यापारिणीचा टेम्पो यायचा होता, नवरा दर्यावर. हे सगळं होतं. मी स्वतःला कितीतरी वर्षं हेच सांगत आले. पण आज खरं सांगते — जवळ्याचा विचार माझ्या मनात नंतर आला. आधी मी तिच्या हाताकडे बघितलं. त्या पोरीने, माझ्या लेकीएवढ्या, परक्या मुलीने, तो पाय मांडीवर घेतला होता. आणि मी त्याच घरात राहून, त्याच माणसाच्या हातात रोज दोनदा चहाचा कप देऊन, त्या पायाला शिमग्यानंतर बोट लावलं नव्हतं. हिला मी अडतीस दिवस सांगू? मग ती वर बघणार. मग ती माझ्याकडे बघणार.

मी म्हटलं, "तीन दिवस."

एका खोट्याला सोबत लागतेच. पाय उघडाच होता, म्हटलं, आज रिक्षात धूळ नको म्हणून बूट घातला. काही लावलं नाही. गोळ्या चालू आहेत. बोटाला टोचून तिने साखर बघितली, ती खूप वाढलेली निघाली. "गोळ्या चालू असून?" ती म्हणाली. मी म्हटलं, शिमग्याला गोड जास्त झालं.

ती पुन्हा जखमेवर वाकली. कडेवरून बोट फिरवलं. "कडा जाड झाल्यात," ती जणू स्वतःशीच म्हणाली. मग मान वर करून मला नाही, बाबांना विचारलं, "आजोबा, नक्की तीनच दिवस?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागाने नाही. मला वाटतं, मी काय म्हणते ते नीट ऐकून घ्यावं तसं बघितलं, मी काहीच म्हणत नसताना. मग ते तिला म्हणाले, "तीन दिस. ती बोलली तेच."

तिने कागदावर लिहिलं. आम्ही घरी आलो. जवळा वाचला होता.

पुढचं मी भराभर सांगते, कारण तिथे माझं सांगण्यासारखं काही नाही. दोन दिवस इंजेक्शनं झाली. तिसऱ्या सकाळी बाबा थंडीने उडायला लागले, पोटरीपर्यंत पाय तांबडालाल, आणि ते बोटीवरच्या पोरांना हाका मारत सुटले — नांगर उचला, वारा फिरला म्हणून. त्याच गाडीतून त्यांना नेलं. जंतू हाडात गेले होते आणि रक्तात उतरले होते. डॉक्टर म्हणाले, पाय ठेवला तर माणूस जाईल. गुडघ्याखालून पाय काढला. माणूस राहिला.

हरेशची बोट धक्क्याला लागली तेव्हा त्याला कळलं. तो घरी आला नाही. पाच-पंचवीस माणसं घेऊन तडक त्या सरकारी दवाखान्यात गेला, आणि मला पण नेलं, कारण सांगायला कुणीतरी हवं होतं. तो डॉक्टरणीला नाही नाही ते बोलला. अळ्या काढल्या आणि माणूस घरी धाडला, तुला कुणी डॉक्टर केली? लोक ओरडत होते. तिने तो कागद आणला आणि वाचला — तीन दिवस, पाय उघडा, गोळ्या चालू. हरेश वळला आणि सगळ्यांच्या समोर मला विचारलं, "किती दिस झालेले गो? खरा सांग."

बघा. देव माणसाला किती वेळा संधी देतो.

मी म्हटलं, "तीनच."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हिला कळलं. पण तिने फक्त कागदाची घडी केली. तक्रार झाली, चौकशी झाली, आणि पावसाळ्याआधी तिची कुठेतरी लांब बदली झाली. आमच्याकडे आजही नवीन डॉक्टर आला की लोक म्हणतात, मागे एक होती, तिच्यामुळे तांडेलाचा पाय गेला. मी तिथेच असते. मी ऐकते.

बाबा त्यानंतर चार वर्षं जगले. कुबडी घेऊन खळ्यात यायचे, खोक्यावर बसायचे, कावळे हाकायचे. त्यांनी ना हरेशला सांगितलं, ना मला कधी सुनावलं. एकदा, बोंबील उतरवताना आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी सगळं बळ एकवटून विचारलं, बाबा, तुम्ही तीन का म्हणालात? त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "तू बोललीस ना तीन. मग तीन." जणू एवढी साधी गोष्ट मला कशी कळत नाही. एवढं मोठं मन मी दुसरं बघितलं नाही. ते ज्या बाईसाठी त्यांनी खर्ची घातलं ती बाई मी होते. हे आठवलं की हातातलं काम हातातच राहतं.

ते गेले, आणि मला वाटलं, संपलं. सांगणारं कुणी उरलं नाही.

गेल्या महिन्यात मी तपासणीला गेले होते. मलाही आता साखर निघालीय. त्या दिवशी साखरवाल्यांचे पाय तपासायला बाहेरून मोठ्या डॉक्टर आल्या होत्या. माझा नंबर आला. मी पाय पुढे केला. त्यांनी एक बारीक नायलॉनचा धागा घेतला आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. कुठे लागतंय ते सांगा." मी डोळे मिटले. इथे, म्हटलं. इथे. मग बराच वेळ काहीच लागलं नाही, आणि मी डोळे उघडले, तर धागा माझ्या अंगठ्याखाली टेकलेला होता आणि डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. केसांत पांढरं आलं होतं. पण पाय धरायची रीत तीच, टाच तळहातात घेऊन.

"रेवदंडा ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "ते तांडेल आजोबा... कसे आहेत?"

मी म्हटलं, गेले.

रांगेत माझ्यामागे बायका उभ्या होत्या. त्यांनी माझा पाय सोडला नाही. हळूच म्हणाल्या, "मी त्यांना कधी विसरले नाही. त्या जखमेच्या कडा तीन दिवसांच्या नव्हत्या, मला दिसत होतं. आजोबांनी तुमच्यापासूनही लपवलं असणार, तुम्हाला बिचाऱ्यांना काय माहीत. पण मी डॉक्टर होते. मी पुन्हा पुन्हा विचारायला हवं होतं, न विचारताच गाडीत घालायला हवं होतं. तुमच्या घरच्यांचा राग बरोबर होता. इतकी वर्षं वाटत होतं, भेटलात तर माफी मागेन." आणि त्यांनी, माझा पाय मांडीवर तसाच असताना, हात जोडले.

त्यांचे डोळे भरले होते. माझं तोंड उघडं होतं. अडतीस, एवढा एक शब्द बोलायचा होता.

मी म्हटलं, "जाऊ द्या मॅडम. झालं ते झालं. आमच्या मनात काही नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. कितीतरी वर्षांचं ओझं उतरावं तशा त्या हसल्या, माझ्या पायाची काळजी कशी घ्यायची ते नीट समजावून सांगितलं, अनवाणी चालू नका म्हणाल्या. मी हो हो म्हटलं. पाय खाली घेतला, चप्पल घातली आणि गोळ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.